चिपखालचं कुंकू

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. आणि आज सांगतोय ते मन हलकं करायला — असं समजू नका. माझं मन जडबिड काही झालेलं नाही. दोन वेळा जेवतो, पाठ टेकली की झोप लागते. तरी सांगतोय. का? — ते मलाही नीट माहीत नाही.

पाथरी तालुक्यातल्या एका मोठ्या गावात मी विज्ञानाचा शिक्षक होतो. नामांतराचे दिवस. विद्यापीठाच्या नावावरून गावात दोन तट पडलेले, कालपर्यंत एका बाकावर चहा पिणारी माणसं नजर चुकवायला लागलेली. अशात शाळेला सरकारी योजनेतून कॉम्प्युटर आला. टायपरायटरएवढा की-बोर्ड, सगळी यंत्रणा त्याच्याच पोटात, समोर टीव्ही. चालू केला की 'टूं-टीं' असे दोन सूर निघायचे आणि पडद्यावर अक्षरं यायची. गावातली म्हातारी माणसंसुद्धा ते बघायला खिडकीशी येऊन उभी राहायची.

त्याच्या ट्रेनिंगला औरंगाबादला कोण जाणार? मीच — असं मी धरून चाललो होतो. पाठवलं खिल्लारे सरांना. गणिताचे, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, बौद्ध. मी गावातल्या जमीनवाल्या घरातला. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं, डोकं माझ्यापेक्षा तल्लख होतं, आणि नेमकं तेच मला सहन झालं नाही. 'तेव्हा काळच तसा होता' असं म्हणायची सोय आहे इथे. लोक म्हणतातही. मी म्हणणार नाही. काळ काही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला नव्हता — आलो होतो मी.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. नांगराची होते, पिठाच्या चक्कीची होते, एसटीचा ड्रायव्हर स्टेअरिंगला हार घालतो. मग शाळेच्या नव्या मशीनची का नको? हेडमास्तरांनी पूजेचा मान मला दिला. खिल्लारे सर दाराशी उभे राहिले. त्यांनी हात जोडले नाहीत, वादही घातला नाही. फक्त म्हणाले, "वरून कापड टाका सर. पाण्याचा थेंब आत गेला तर बसतंय ते."

बरोबर बोलत होते. विज्ञानाचा मास्तर मी — मला कळत नव्हतं? कळत होतं. पण सगळ्या स्टाफसमोर त्यांनी मला शिकवावं? कापड टाकलं नाही. उलट मुठीनं हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी झेंडूच्या फुलानं चांगलं शिंपडलं. की-बोर्डच्या मागच्या अंगाला हवेसाठी फटी होत्या. पाणी तिथं जातंय हे मला दिसत होतं.

दसऱ्यानंतर शाळा उघडली. खिल्लारे सरांनी बटण दाबलं. एकच सूर निघाला — टूंऽऽ — आणि थांबेचना. पडदा काळाच.

दुपारपर्यंत स्टाफरूममध्ये खिल्लारे सरांवर निकाल लागलासुद्धा. क्लार्क म्हणाला, "नामांतराचा राग मशीनवर काढायलाय, दुसरं काय!" मी शेजारी बसून सुपारी कातरत होतो. कातरतच राहिलो. तिथेच बोलायला हवं होतं, नाही का? हो. तिथेच.

मी घरी रेडिओ खोलायचो, म्हणून मशीन माझ्याकडे आलं. आधी प्लग बघितला, मग टीव्ही. मीटर लावून वीज आतपर्यंत पोचतेय का ते तपासलं — पोचत होती. मग एकेक चिप हलक्या हातानं उचकटत गेलो. तिसरी निघाली आणि तिच्याखाली — कुंकू. नारळाच्या पाण्यानं चिकटून बसलेलं. चिपचे बारीक पाय कुंकवात माखून हिरवट पडलेले. ते खोडरबरानं घासले, प्रयोगशाळेतल्या स्पिरिटनं खाच पुसली, पंख्याखाली वाळवलं. बटण दाबलं — टूं-टीं. खरं सांगू? एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

हेडमास्तर धावत आले. "काय झालतं?"

आता ऐका. मी म्हणालो, "चिप नीट बसलेली नव्हती. कुणीतरी खोलून आत हात घातलाय."

खोलीची किल्ली एकट्या खिल्लारे सरांकडे असायची. त्यांचं नाव घ्यायची गरजच नव्हती.

आमच्या शिक्षणसंस्थेनं त्यांना लांब पालमच्या शाखेत टाकलं. त्यांच्या पत्नी आमच्याच गावच्या झेडपी शाळेत शिक्षिका, पोरगी पाळण्यात. पुढची तीन वर्षं ते शनिवारी एसटीनं यायचे, सोमवारी पहाटे जायचे. पोरगी एकदा भर स्टँडवर त्यांना ओळखेना, त्यांच्याकडे जाईना — मी हे समोर उभा राहून पाहिलंय.

किल्ली द्यायला आले तेव्हा माझं खोडरबर टेबलावरच होतं. त्यांनी ते उचललं, उलटंसुलटं पाहिलं. "रबर लाल झालंय सर तुमचं." मी म्हणालो, "पेपर तपासायलोय. लाल शाई." त्यांनी रबर जागेवर ठेवलं, किल्ली शेजारी ठेवली आणि गेले. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या खंडेनवमीला मशीनवर मी जाड टॉवेल टाकला, हार दाराला घातला. "याला पाणी चालत न्हाई," असं सगळ्यांना ऐटीत सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. लय हुशार माणूस, म्हणाले.

तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. भित्रा म्हणा, जातीवादी म्हणा. मी खाली मान घालून ऐकणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. माफी मागायला मी त्यांच्या दारी गेलो नाही, आता जाणारही नाही — त्यांनी 'असू द्या सर' म्हणावं आणि मी चहा पिऊन सुटावं, हे मला नको.

मशीनचं एक रजिस्टर होतं. 'बिघाडाचे कारण' या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलंय: श्री. खिल्लारे यांची चुकीची हाताळणी. खाली माझी सही. निवृत्त होईपर्यंत ते रजिस्टर माझ्याच कपाटात होतं. ते वाक्य खोडायला एक रेघ पुरली असती. मी ती मारली नाही.