टिटवीच्या अंड्यांपाशी

आज सकाळी उसाच्या फडातून पाचट जळल्याचा वास आला आणि माझा उजवा पाय जागीच थबकला.

बऱ्याच वर्षांपूर्वी कोपरगावजवळच्या मोकळ्या रानात आम्हा नवशिक्यांची पक्षी बघण्याची ती पहिलीच फेरी होती. शेजारच्या फडात ऊसतोड चालली होती आणि पाचट जळल्याचा असाच वास येत होता. एक टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत घिरट्या घालत होती आणि आम्ही डोळ्यांना दुर्बिणी लावून खुशीत तिच्या मागे चाललो होतो.

“ताई, पाय टेकू नका! खाली अंडी हायेत!” तोडकऱ्यांमधली एक बाई ओरडली.

उचललेला पाय मी तसाच धरला. बुटाखाली वीतभर अंतरावर ढेकळांच्याच रंगाची चार अंडी होती. तोडकऱ्यांनी खूण म्हणून तिथे एक ऊस रोवला होता. आम्हाला तोही दिसला नव्हता. माझा तोल जायला लागला.

“मागं घ्या. हळू. आजून मागं.” पाथर्डीकडून तोडीला आलेली ती बाई माझा पाय नीट टेकेपर्यंत हलली नाही.

आता मीच नवशिक्यांना शिकवते. इतकी वर्षं हा प्रसंग सांगताना मी माझ्या अधांतरी पायाबद्दलच बोलत आले. आज त्या वासासरशी ती बाई डोळ्यांपुढे उभी राहिली. तेवढा सगळा वेळ तिच्या डोक्यावर उसाची मोळी होती.