नाताळच्या गाण्यातून गाळलेलं कडवं

ये, अशी जवळ बस. कागद वाचायचा असला तरी जवळ बसूनच वाच. काय गं पोरी, वर्षभर आजीची आठवण नाही, आणि परवा फोन केलास तो कशासाठी? आजोबांनी नाताळचं गाणं कसं रचलं ते दोन मिनिटांत सांग, कार्यक्रमात बोलायचंय म्हणे. दोन मिनिटांत चहासुद्धा होत नाही बाई.

तुझा आजा माझा थोरला भाऊ. पेटी अशी वाजवायचा की पाळकसाहेब उपदेश आवरता घ्यायचे. पण ते गाणं त्यानं रचलं नाही. मी रचलं.

बाहत्तरचा दुष्काळ. शेवगावच्या अलीकडं रस्त्याचं काम निघालं होतं, तिथं आम्ही बाया खडी फोडायला जायचो. हातोडीलाही जात्यासारखी लय असते, तोंड गप्प राहत नाही. बाकीच्या माहेरच्या ओव्या म्हणायच्या, मी नाताळ जवळ आला म्हणून मारियेच्या रचायला लागले.

माझ्या शेजारी जमीनवाल्यांची एक सून बसायची. शेत करपलं म्हणून तीही खडीवर आलेली. आमच्या ख्रिस्ती वस्तीचा आड आटला होता, तिच्या आडाला थोडं पाणी होतं. आमच्या लोकांनी त्या आडाला हात लावायचा नाही, ही जुनी रीत. आधी ती वरून कळशीत ओतायची. एक दिवस सासूदेखत तिनं दोरच माझ्या हातात दिला. सासू काय काय बोलली असेल तूच समज. मग मी शेवटचं कडवं जोडलं:

आटला गं आड, बाळ न्हाऊ घालू कशानं?
दोर दिला हाती शेजारच्या बाईनं.

तिला ते लगेच कळलं. पदर तोंडाला लावून हसत सुटली. "म्हंजे मी बी तुमच्या देवळात व्हय?"

मी म्हटलं, नाताळला ये, सगळ्यांसमोर ऐकवते.

दादानं माझ्याकडून गाणं ऐकून पेटीवर बसवलं, भजन मंडळाला शिकवलं. मंडळात सगळे बाप्ये. आम्ही बाया मागं बसून साथ धरायची. मला तर लेकीचं लग्न ठरल्यासारखं झालं होतं.

नाताळच्या सकाळी ती खरंच आली. दाराबाहेर चपलांपाशी उभी राहिली. मी मागं वळून खुणावलं, थांब, शेवटी आहे. शेवटचं कडवं आलं आणि मी गळा मोकळा सोडला. पण सगळं देऊळ दुसरंच गात होतं. भजनाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव घालतात ना, तसं तिथं दादाचं नाव होतं. 'दास म्हणे' करून, चांगलं दोन ओळींत. माझ्या बाजूला बसलेली आमच्या वस्तीतली एक बाई मला कोपर मारून म्हणाली, पाठ नाही व्हय गं तुला? पुढच्या दोघी हसल्या.

बाहेर आले तर ती पायात चपला सरकवत होती.

"माझं न्हाई आलं गं," ती म्हणाली. हळू, जशी तिचीच चूक झाली होती.

तिला वाटलं मी थट्टा केली. पुढं दोर देत राहिली, पण माझ्याशी हसली नाही कधी.

दादा पेटीला फडकं गुंडाळत होता. मी विचारलं तर म्हणाला, बायकांच्या ओवीला कुठं नाव असतं?

"नाव मी मागितलंच नव्हतं, दादा. तिचं कडवं दे."

"मंडळी काय म्हणतील? आता बसलंय गाणं, हलवू नको."

ते गाणं पार खर्डा गावापर्यंत गेलं, लग्नातसुद्धा म्हणायला लागले. लोक दादाचे हात धरायचे. पुढं त्यानंच माझी पोरं शिकवली, हेही लिहिते, नाहीतर म्हणशील आजी एकतर्फी बोलते. पण पाठीत खुपसलेलं ते खुपसलेलंच. मंडळी शेवटच्या कडव्याला आली की मी अजून तोंड मिटते.

आता दादा नाही, तीही नाही. कार्यक्रमात काय सांगायचं ते तू ठरव. पण त्याआधी इकडं ये. चाल कागदावर उतरत नाही, आणि तिची सून अजून त्याच घरात राहते. माझी एकटीची त्या दारात जायची हिंमत होत नाही. लवकर ये गं, दोघी मिळून जाऊ, तिचं कडवं तिथं म्हणू.