खुराड्यातलं सूत

सोलापुरात दिवसा ऊन भाजतं, पण माघातली पहाट हाडं गोठवते. आदल्या हिवाळ्यात माझ्या तीन कोंबड्या गारठून मेल्या होत्या. म्हणून त्या साली मी धास्तीनं खुराड्याच्या फटी गोणपाटानं बुजवल्या आणि आत गिरणीतल्या टाकाऊ सुताचा गुंता अंथरला. तरी चौथ्या दिवशी तांबडी लंगडू लागली. थंडीच बाधली असं धरून मी आणखी सूत कोंबत होते.

"अक्का, सूत काडा की आदी!"

परसाच्या कुडाशी डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेला एक अनोळखी माणूस उभा होता. पेंढी टाकून तो आत आला आणि त्यानं तांबडीला काखेत धरलं. तिच्या बोटांभोवती दोरे करकचून आवळले होते. बोटं काळीनिळी पडली होती.

"पाय जाईल का हो?"

तो नखानं एकेक दोरा सोडवत राहिला. तेव्हा मला दिसलं, त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि दोनच बोटं होती.

"मऊ हाय म्हणून त्याचं भ्या वाटत न्हाय," तो म्हणाला. "मलाबी वाटलं न्हवतं. गिरणीत होतो की."

त्यानं सगळं सूत उपसलं, पेंढीतली पाती आत पसरली आणि तांबडीला खाली सोडलं. ती पाय उचलून तशीच उभी राहिली. तोही उकिडवा बसून राहिला. बऱ्याच वेळानं तिनं पाय टेकला, बोटं मातीत पसरली. त्यानं ती एकेक करून मोजली आणि मगच पेंढी उचलली.