बेलापूरला सांगितलेला भाव

खाडीवर उतरायची आमची एकच वाट. नवरा गेला तवापासून तीच माझी रोजी. ओहोटीला चिखलात शिरायचं, नांगीवाल्या चिंबोऱ्या धरायच्या, पाटी डोक्यावर घेऊन सानपाड्याला इकायला बसायचं. पाय फाटले, पोरं वाढली. आता त्या वाटंवर सरकार रस्ता आनि भिंत घालनार. पन आधी लोकांचं ऐकनार, म्हनून बेलापूरच्या हापिसात सुनावनी.

गावानं मला पुढं केलं. माझा गला मोठा ना! अक्कल कोन बगतो.

लेक बोल्ला, "आये, एकच सांग. भिंतीत दार ठेवा, पाटीवाल्या दोन बाया जातील येवढं. बस."

"मला शिकवतोस? जलमभर बोलूनच मासली इकली मी."

तितंच घोटाला झाला. बाजारात खरा भाव सांगितला का गिऱ्हाईक अर्ध्यावर आनतं. मी म्हटलं, दार मागितलं तर सुनावनीचा साहेब खिडकी देईल.

"बोला आजी," साहेब बोल्ले.

"साहेब, रस्ता नको, भिंत नको. सगली खाडी मोकली ठेवा. वरून धक्का बांधून द्या, मासली बाजार बी द्या."

आनि थांबले. आता हा कमी करंल, मी तोंड वाकडं करत दारावर येनार.

"नोंद घेतली. पुढचे."

"पुढचे काय? तुमी काय देता ते बोला की!"

"आजी, आम्ही फक्त ऐकतो. ठरवतं सरकार, मंत्रालयात."

"मंग त्यांना का नाय बसवलं हितं?"

काय टाल्या पडल्या! मी नवरीसारखी लाजून खाली बसले. मागून एक सोसायटीवाला उठला. "रस्ता लवकर करा, ट्रॅफिकचं टेन्शन आहे," येवढंच बोल्ला. त्याची बी नोंद झाली.

जिन्यात धाकटी जाऊ बोल्ली, "जाऊबाय, दार राह्यलं ना?"

"टाल्या पडल्या की."

"टाल्यांतून पाटी जाते का?"

तशीच मागं फिरले. साहेब डबा उघडत होते.

"साहेब, मगाशी बोल्ले तो सांगायचा भाव. द्यायचा येगला हाय. दोन बायांचं दार द्या फक्त."

साहेबांचा घास हातातच राह्यला. मंग हसले. "आधी सांगायचं ना आजी! जा, क्लार्ककडं लिहून द्या, आजच्या दिवस घेतात."

क्लार्क पोरगी बोल्ली, "दार किती रुंद?"

आमाला फुटात कुठं येतंय? मी आनि जाऊ तितंच शेजारी शेजारी उभ्या राह्यलो, डोक्यावर पाटी हाय असा हात वर धरून. सगलं हापिस बगत होतं. पोरीनं टेप लावली. टेप लागताना मी जरा कोपर बाहेर काढलं. जावंनं बगून तिचं बी काढलं.

सरकारचं अजून काय आलं नाय. वाट हाय तवर मी उतरते.