जिन्यातली रांग

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे भिंगकाका म्हणत. एकवीस वर्षं ते आणि काकू एकाच भाड्याच्या घरात राहिले. मग मालक वारले. त्यांच्या मुलाने घर विकायला काढलं आणि दोन महिन्यांत जागा सोडायला सांगितली. त्याला तरी काय बोलणार? भाव असे चढले होते की कुणीही विकलं असतं.

काकांनी आधी फारसं मनावर घेतलं नाही. पण पाच जागा हातातोंडाशी येऊन गेल्या. फोन करावा तर एकच उत्तर, "आत्ताच गेली." काकांची झोप उडाली. दुकानात त्यांच्या हातून एक काच तडकली. लेकीला मात्र त्यांनी काही कळू दिलं नाही. नवा संसार तिचा, उगाच जिवाला घोर कशाला?

रविवारी सकाळी ते आणखी एक जागा बघायला गेले, तर तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना माणसांनी भरलेला. एजंट प्रत्येकाला विचारत होता, "भाडं किती वाढवाल?" तेवढ्यात वरच्या वळणावरून ओळखीचा आवाज आला.

"आम्ही दोघंच आहोत. दोघंही नोकरी करतो."

लेक होती. शेजारी जावई.

"तू इथे कशी?" काकांनी विचारलं.

ती गोरीमोरी झाली. "आमच्याही मालकाला जागा हवीय, बाबा. तुम्ही काळजी करत बसाल म्हणून बोलले नाही. पण तुम्ही?"

"मी असाच आलो होतो," काका म्हणाले. पण हातातल्या कागदपत्रांच्या झेरॉक्स तिने पाहिल्या होत्या.

"तुम्ही घ्या ही जागा," म्हणत ते खाली उतरू लागले. "मग मलाही नको," म्हणत ती मागोमाग. जिन्यातच बापलेकीची जुंपली. जावई तेवढा रांग धरून उभा राहिला, आणि थोड्या वेळाने मान हलवत तोही खाली आला. जागा गेली होती.

शेवटी शहराच्या पार टोकाला चौघांत मिळून दोन खोल्या मिळाल्या. काका दोन बस बदलून दुकानात पोचतात. जावई घरात पाहुण्यासारखा अंग चोरून वावरतो, आणि काकू त्याला सारखं "बसा ना" म्हणत राहतात.

परवा नवे मालक येऊन भिंतींची मापं घेऊन गेले. कशासाठी, ते विचारायचा धीर चौघांपैकी कुणालाच झाला नाही.