हेक्टर गेडेसची आरोळी

स्कॉटलंडमधल्या आमच्या डंडी गावातला हेक्टर गेडेस पेशाने बेकरीवाला. पहाटे भट्टी, मंगळवारी संध्याकाळी तोफेची कवायत आणि रविवारी चर्च, असा त्याचा आठवडा. गावच्या विमानविरोधी पलटणीत सगळे असेच, कामधंदा सांभाळून आलेले. हेक्टरच्या बायकोचा भाऊ राब तोफेचा नेम धरायचा. हेक्टर गोळे भरायचा.

एकोणीसशे अडतीसच्या उन्हाळ्यात पलटण समुद्रकाठी सरावाला गेली. एक विमान लांब दोराने लाल कापडी नळा ओढत नेई आणि गोळे त्या नळ्यावर सोडायचे. धोका दिसला तर कुणीही, अगदी गोळे भरणाऱ्यानेही, "थांबा!" म्हणून ओरडायचं, असा नियम होता.

आदल्या दिवशी हेक्टर ओरडला होता, आणि धोका काहीच नव्हता. तोफेची पाळी वाया गेली.

"दाजी, तुम्ही कणीकच मळा!" राब सगळ्यांदेखत म्हणाला. कॅप्टननेही बजावलं, "पुन्हा असं झालं, तर तोफेवरून थेट स्वयंपाकघरात."

हेक्टर रात्री जेवला नाही. तोफ त्याला जिवापाड आवडायची.

दुसऱ्या दिवशी विमान आलं. एक गोळा तोफेत गेला होता, दुसरा हेक्टरच्या कवेत होता. तेवढ्यात ढगाचा एक पुंजका आडवा आला आणि लाल नळा त्यात शिरला. विमान मात्र पुढे उन्हात चमकत होतं. तोफेची नळी आधी जरा अडखळली, मग हळूहळू विमानाच्या बाजूला सरकू लागल्यासारखी वाटली.

हेक्टरने नळीच्या रोखाने वर पाहिलं. राब चुकतोय? की कालच्यासारखं मलाच भलतं दिसतंय? दुर्बीण राबकडे होती.

"नेमावर!" राब ओरडला.

कॅप्टनचा हात वर गेला.

देवा, मी मूर्ख ठरलो तरी चालेल, असं मनात म्हणत हेक्टरने सगळा जीव एकवटून आरोळी ठोकली, "थांबा!"

तोफ डागायची दोरी ओढणाऱ्याचा हात जागीच थिजला.

"गेडेस!" कॅप्टन लाल झाला. "आज काय दिसलं तुला?"

उत्तर राबनेच दिलं. दुर्बिणीवरचा डोळा काढून तो पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाला, "साहेब... माझ्या नेमात विमानाची चाकं आहेत."

डोक्यावरून विमान घरघरत गेलं. आतल्या वैमानिकाला कशाचाच पत्ता नव्हता. त्याने पंख हलवून सलामसुद्धा केला.

राब बैठकीवरून उठू लागला. "दाजी, मला नाही जमणार. माणूस मारला असता मी."

"मारला नाहीस ना? मग बस खाली," हेक्टर म्हणाला. "तुझ्याइतका नेम इथं कुणाचा आहे? पण आधी कापड शोध. आणि दिसेना झालं की तोंडाने सांग, लाजू नकोस."

राबने कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टनने मान हलवली. तिकडे विमान वळलं होतं, पुन्हा तोफेकडे यायला लागलं होतं. राबने डोळा दुर्बिणीला लावला.

"दिसत नाही," तो म्हणाला. "अजून नाही दिसत... थांबा..."

आणि तोफेवरची सगळी माणसं त्याच्यासाठी थांबली.