फ्रिजवरचा आळ

विजेचा शोध लावून माणसाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं ठाम मत असलेला आणि तरीही घरात वीज घेऊन राहिलेला एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला, तो म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. लग्न होऊन मी पुण्याहून हैदराबादला आले तेव्हा आमचं स्वतःचं बिऱ्हाड व्हायला अवकाश होता, म्हणून वर्षभर आम्ही काचीगुड्याला मामा-मामींच्या घरी राहिलो. मामा स्वतः स्टेशनवर घ्यायला आले. माझ्या हातातली जड पिशवी ओढून घेतली, वाटेत थांबून इराण्याकडचा चहा पाजला, नको नको म्हणत असताना बिस्किटांचे पुडे बांधून घेतले, आणि घरात शिरल्यावर मी चपला काढायच्या आत म्हणाले, "सूनबाई, हे घर तुझंच समज. काय पाहिजे ते घे, काय पाहिजे ते खा. फक्त बटणाला हात लावायच्या आधी मला विचार."

मला वाटलं, गंमत करताहेत. कसली गंमत! त्या घरात दिवा लागला की मामांना तो दिसायची गरज नव्हती. मागच्या अंगणात बसून पेपर वाचणाऱ्या या माणसाला पुढच्या खोलीतल्या बटणाचा आवाज ऐकू यायचा. एरवी मामी कानाशी ओरडल्या तरी ऐकू यायचं नाही, हे वेगळं. आपण खोलीतून बाहेर पडलो की मागोमाग मामा आत जायचे आणि दिवा बंद करायचे. कधीकधी आपण बाहेर पडायच्या आधीच करायचे. पहिल्याच आठवड्यात मी न्हाणीघरात असताना टपकन अंधार झाला आणि बाहेरून आवाज आला, "न्हाणीत लाइट कशाला लागतो? स्वतःचं अंग सापडंना झालंय का?" तेव्हापासून मी साबण कुठे ठेवला हे पाठ करून आंघोळ करायला शिकले. पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला त्यांनी वर चौकोनी भोक पाडून घेतलं होतं आणि त्यात एकच ट्यूब बसवली होती. दोन्हीकडे उजेड, बिल एकाचं! एखादा उंच पाहुणा त्या भोकाखाली उभा राहून गप्पा मारायला लागला की इकडे मामींची पोळी करपायची. टीव्ही होता, पण जाहिराती लागल्या की मामा उठून तो बंद करायचे. "त्यांचा साबण विकायला माझा करंट कशाला?" असा त्यांचा सवाल होता. जाहिराती संपल्या असतील अशा अंदाजाने ते पुन्हा लावायचे तोवर गोष्ट बरीच पुढे गेलेली असायची. त्या घरात बसून मी एकही कार्यक्रम सलग पाहिला नाही. खून झालेला कळायचा, कुणी केला ते शेजारी विचारायला लागायचं. मीटरचा आकडा टिपायला येणारा माणूस तर एकदा म्हणे मामींना विचारून गेला होता, की मधे घर बंद होतं का. ही हकिकत मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्या अभिमानाने सांगत, की दुसऱ्या कुणी मुलाचा बोर्डातला नंबर सांगितला नसता.

एवढं ऐकून कुणाला वाटेल की माणूस चिक्कू. छे हो! आंब्याच्या दिवसांत टोपलीशिवाय घरी यायचे नाहीत. भिकारी दारात आला तर आधी तो जेवून घेई, मग मामा पान वाढून घेत. आणि पाणी! पाण्याच्या बाबतीत तर मामा म्हणजे साक्षात कर्ण. नांदेडकडच्या एका कोरड्या गावात त्यांचं लहानपण गेलं. आई डोक्यावर घागर घेऊन लांबून यायची, आणि एकदा तिला एका वाड्याच्या आडावरून रिकामं परत पाठवलं होतं, एवढंच ते एकदा बोलून गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. आम्ही आलो त्याच हिवाळ्यात काचीगुड्याच्या घरात त्यांनी बोअर मारली, तिला लख्ख पाणी लागलं, आणि त्याच दिवशी त्यांनी कुंपणाच्या भिंतीतून एक पाइप गल्लीकडे काढून ठेवला. उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेही आलं तर. मग सकाळपासून त्या पाइपाखाली घागरी, बादल्या, हंडे, पातेली यांची रांग लागायची. कुणी हाक मारली की मामा जेवणावरून उठून मोटर चालू करायला जायचे. कुणी संकोचलं तर म्हणायचे, "पाणी काय माझ्या बापाचं आहे? धरतीचं आहे. भरा."

त्याच वर्षी मामींनी फ्रिज घेतला. देशात नुकताच नवा वारा सुटला होता. दुकानांतून रोज काहीतरी नवीन दिसायचं, बायका भाजी घेताना परदेशी कंपन्यांच्या गोष्टी करायच्या, आणि मामा पेपरावर हात आपटून म्हणायचे, "देशाची दारं उघडली म्हणून घरातली बटणं उघडी टाकायची की काय?" मामींनी मात्र कधीपासून मनात धरलं होतं. दुपारी गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवून त्या एका चिट्टीत पैसे भरत होत्या. चिट्टी म्हणजे आपली भिशी. ती त्यांच्या नावाने उठली आणि दिलसुखनगरच्या दुकानातून बंडीवर, म्हणजे हातगाडीवर, बसून फ्रिज आला. लाल रंगाचा, गुटगुटीत. मामींनी त्याला हळदकुंकू लावलं, दार उघडलं, आतला दिवा लागला, आणि माझ्याकडे वळून अशा हसल्या, की मला त्या एकदम माझ्याच वयाच्या वाटल्या. मामा मागे उभे होते. त्यांनी दार लावलं, थोडं उघडलं, पुन्हा लावलं आणि संशयाने विचारलं, "दार लावल्यावर आतला दिवा विझतो कशावरून?" पुढचे दोन दिवस ते फ्रिजच्या दाराला बारीक फट पाडून एक डोळा लावून उभे असायचे.

चैत्र आला. मामींनी चैत्रगौर बसवली, सगळ्या गल्लीला हळदीकुंकवाला बोलावलं, बर्फ घातलेलं पन्हं दिलं. मामी नुसत्या घरभर नाचत होत्या. आणि त्यानंतर बिल आलं.

मामा ते घेऊन उन्हात गेले. चष्मा पुसला. बिल उलटं करून पाहिलं. मग सदरा चढवून थेट वीज कार्यालयात गेले, की हे दुसऱ्या कुणाचं आहे. तिथल्या लोकांनी मीटर येऊन तपासला, ठीक आहे म्हणाले, आणि निघून गेले. मामा पायरीवर बसून राहिले. एवढ्या वर्षांची अब्रू गेली असा चेहरा. मग आत येऊन फ्रिजसमोर उभे राहिले आणि शांतपणे, म्हणजे त्यांच्या मानाने शांतपणे, म्हणाले, "हा खायलाय सगळं. आजपासून बंद. दुकानदाराशी मी बोललोय, परत घ्यायला तयार आहे तो. पुढचं बिल उतरलं की हा बंडीवर चढला."

त्यांनी प्लग काढून ठेवला. मला इतका राग आला! मामींनी मात्र बर्फाचे साचे धुऊन पुसून ठेवले, आणि बंद फ्रिजमध्ये पापड, चिंच, ब्लाउजपिसांची गाठोडी रचून ठेवली. दार उघडलं की आता चिंचेचा वास यायचा. मी म्हटलं, "मामी, तुमच्या कमाईचा आहे. भांडा ना जरा!" त्या म्हणाल्या, "भांडून काय करू बाई," आणि पाइपाखाली कुणाची तरी घागर भरत होती तिकडे बघत बसल्या. एका संध्याकाळी मात्र त्या रिकामा साचा हातात घेऊन उभ्या दिसल्या. मी दिसल्याबरोबर तो त्यांनी पदराआड केला. मला अगदी भरून आलं.

इकडे मामांना चेव चढला. जेवणं दिवस मावळायच्या आत. माझ्या नवऱ्याने अंधारात दाढी करून हनुवटी कापून घेतली आणि ऑफिसात काय सांगायचं म्हणून मांजराचं नाव पुढे केलं. पंखा फक्त पाहुण्यांना, आणि तोही पाहुण्याने घाम पुसल्यावर. एवढं करून उन्हाळा भर माथ्यावर असताना पुढचं बिल आलं, आणि ते पहिल्यापेक्षाही मोठं!

आता मामा खरोखर चक्रावले. फ्रिज तर चिंच सांभाळत बसलेला. संशयाची सुई माझ्या पुण्याहून आणलेल्या केस वाळवायच्या यंत्रावर येऊन थांबली. मी ते त्यांच्या हवाली केलं. शेवटी एका सकाळी त्यांनी घरातलं बटण न् बटण बंद केलं, व्हरांड्यात मीटरसमोर स्टूल मांडलं, ऊन लागतं म्हणून डोक्यावर छत्री उघडली, आणि वीज वापरली की फिरणाऱ्या मीटरमधल्या त्या चकतीवर डोळे रोखून बसले. चकती ढिम्म. अर्धा पेपर वाचून झाला, चकती ढिम्म. "बघ सूनबाई," मामा म्हणाले, "चोर घरातलाच आहे. दबा धरून बसलाय." मामी दारात गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून समोरच्या आपांचा आवाज आला. आपा म्हणजे गल्लीतल्या सर्वांत जुन्या शेजारीण. मामा त्यांना बहीण मानत. "भाईसाब, जरा मोटर चालू करते क्या? मेहमानां आरैं, घर में बूंद नै पानी." "हौ आपा, आलो," म्हणत मामा छत्रीसकट उठले, कोपऱ्यातलं मोटरचं बटण खाली केलं आणि परत येऊन स्टुलावर टेकले.

चकती भिंगरीसारखी फिरत होती.

मामा छत्री धरून बघत राहिले. मग मोटरच्या बटणाकडे बघितलं. मग पुन्हा चकतीकडे. खरं सांगते, या माणसाने आयुष्यभर दिवे मोजले, पंखे मोजले, टीव्हीतल्या जाहिराती मोजल्या, पण मोटर विजेवर चालते हे काही त्यांच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. मोटर त्यांच्या हिशेबी पाण्यात जमा होती. आणि उन्हाळा वाढेल तशी ती सकाळपासून दुपारपर्यंत सगळ्या गल्लीसाठी गरगरत होती.

ते हळूच मामींकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

मामींनी सुपातला खडा काढून बाजूला ठेवला. "पहिल्या बिलापासून."

"मग बोलली नाहीस ते? फ्रिज जाणार होता तुझा!"

"बोलले असते तर पाण्यासाठी हाक आली की तुम्हाला एकदा तरी त्या चकतीकडे बघायला लागलं असतं," मामी म्हणाल्या. "ते मला नको होतं. फ्रिजशिवाय माझं काय अडलंय?"

बाहेर आपांची घागर भरली होती, पण त्या गेल्या नव्हत्या. फाटकातून डोकावून त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "भाईसाब, बिल बहोत आया बोलके सुनी मैं. हमारे पानी से तो नै ना?"

छत्री मिटून मामा ताडकन उभे राहिले. "छे छे! पानी का कायका बिल, आपा? फ्रिज है ना, फ्रिज! हमारी बेगम का लाडका. ओ खाता सब. तुम दुसरी घागर लाव!" आणि आत जाऊन त्यांनी स्वतःच्या हातांनी चिंच, पापड, गाठोडी बाहेर काढली आणि फ्रिजचा प्लग लावला. फ्रिज गुरगुरला. मामींनी गव्हाचं सूप तसंच टाकलं आणि साचे भरायला धावल्या. मी आनंदाने अशी टाळी वाजवली, की मामा दचकले. "हसू नको," ते मला हळूच म्हणाले. "आता याला घालवायची सोय नाही. हा गेला तर लोकांना सांगू काय?"

मग काय, त्या फ्रिजच्या नावाने मामांनी जो शंख सुरू केला तो अखेरपर्यंत! बिल आलं की फाटकाशी उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "खाल्लं रे खाल्लं, या लाल भुताने घर खाल्लं!" घागरी निर्धास्त भरत असायच्या. बिल भरायला त्यांनी स्कूटर बंद केली आणि जामबागच्या मराठी मंडळींच्या बैठकीला पायी जायला लागले. कुणी विचारलं तर डॉक्टरने सांगितलंय म्हणायचे. दुपारी मात्र गुपचूप त्या भुताच्या पोटातलं ताक पिताना मी त्यांना बऱ्याचदा पकडलं.

पुढे आम्ही दिलसुखनगरला फ्लॅट घेतला. आमच्याकडे सगळ्या खोल्यांत दिवे जळत राहतात, मागोमाग येऊन बंद करणारं कुणी नाही. मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. सुतकाच्या दिवसांत आपा येऊन मामींजवळ बसल्या होत्या, पार वाकलेल्या. बोलता बोलता त्यांची नजर स्वयंपाकघरातल्या फ्रिजकडे गेली. त्यांना रडू फुटलं. उठून त्यांनी त्याच्या दारावर एक चापट मारली आणि म्हणाल्या, "इस मुए ने मेरे भाई को जिंदगीभर परेशान किया."

मी मामींकडे पाहिलं. मामी डोळे पुसत उठल्या.

"हौ आपा," त्या म्हणाल्या, "बहोत खाता था." आणि फ्रिज उघडून त्यांनी आपांना गार पाण्याचा तांब्या काढून दिला.